पुठ्ठ्याची बैठक

मराठी भाषेत 'तात्पुरता' या शब्दाइतका टिकाऊ शब्द दुसरा नसेल. गळक्या नळाला तात्पुरती बांधलेली चिंधी तीन भाडेकरू बदलले तरी सुटत नाही. रस्त्याच्या कडेला तात्पुरती टाकलेली खडी दोन निवडणुका पाहते. आमच्या वाचनालयाचे शिपाईमामा 'तात्पुरती नेमणूक' या सदरात लागले आणि एकतीस वर्षांनी त्याच सदरातून निवृत्त झाले. आता ते 'नवा माणूस मिळेपर्यंत' म्हणून रोज येतात, ते वेगळंच.

याउलट, जे कायमचं म्हणून वाजतगाजत उभं राहतं त्याचं काय होतं पाहा. वाचनालयाच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीच्या कोनशिलेवर 'आचंद्रसूर्य' असा शब्द कोरलेला आहे. चंद्र-सूर्य अजून ठीक आहेत. इमारत मात्र इंजिनिअरनं गेल्या वर्षी तपासली आणि सांगितलं, "वरचा मजला आजच बंद करा. खालचा वर्षभर वापरा. मग पाडा. दुरुस्ती परवडणार नाही."

पाडण्याआधी जुन्या वास्तूत काहीतरी व्हावं असं सगळ्यांच्या मनात आलं. दिवाळी अंकांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी वाचायची सोय झाली. त्या पहिल्या अंकापर्यंत आमची मजल नाही, पण पुढच्या काळातले चारशेच्या वर अंक मामांनी कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून जपलेले आहेत. तीन दिवसांचं प्रदर्शन, मुहूर्त नवरात्रातला. सगळं ठरल्यावर खजिनदारांनी हळूच विचारलं, "अंक ठेवायचे कशावर?"

प्रश्न रास्त होता. टेबलं, खुर्च्या, मांडण्या आधीच भाड्याच्या गाळ्यात हलवल्या होत्या. त्या एकावर एक अशा रचल्या होत्या, की खालचं टेबल काढायचं तर गाळाच पाडावा लागला असता. नवरात्रात मांडववाले मुख्यमंत्र्यांनाही भेटत नाहीत. आणि शिल्लक इतकी, की खजिनदार ती सांगताना आवाज खाली आणत.

अशा वेळी चिटणीसांची पुतणी पुढं आली. ही मुलगी डिझाइनच्या कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "काका, पुठ्ठ्याचं फर्निचर करू या. तीन दिवस वापरू, चौथ्या दिवशी रद्दीत देऊ. त्याचा पुन्हा कागद होईल."

सभेत शांतता पसरली. 'मोडकं फर्निचर' आम्हांला माहीत होतं, पण 'मोडायचं फर्निचर' ही कल्पना नवी होती. अध्यक्षांचं वजन सर्व अर्थांनी मोठं आहे. ते म्हणाले, "बाळ, पुठ्ठ्याची खुर्ची बसायची असते की बघायची?"

तिनं उत्तर दिलं नाही. समोरचं पोस्टकार्ड उचललं आणि टेबलावर उभं केलं. ते अर्थातच आडवं झालं. मग तिनं त्याला पंख्यासारख्या घड्या घातल्या, पुन्हा उभं केलं आणि त्यावर वाचनालयाची घटना ठेवली. जी घटना आम्ही आजवर कुणीच पेलू शकलो नव्हतो, ती पन्नास पैशांच्या पोस्टकार्डानं निमूट पेलली.

"पुठ्ठ्याच्या पोटात हेच असतं," ती म्हणाली. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद, म्हणजे तीन पदरी पुठ्ठा. असेच आणखी दोन पदर चढवले की पाच पदरी. या पन्हळी उभ्या ठेवल्या तर उभ्या बांबूंच्या मोळीसारखं वजन घेतात, आडव्या ठेवल्या तर चेपतात. सगळी विद्या एवढीच. बाकी मग खाचा कापायच्या आणि खाचेत खाच बसवायची. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक नाही.

त्यानंतर महिनाभर आमच्या कानांवर पुठ्ठ्याचा इतिहास पडत राहिला. हा पन्हळी कागद 1856 साली इंग्लंडात पेटंट झाला तो उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून, आणि 1871 साली अमेरिकेत तो बाटल्यांभोवती गुंडाळायला घेतला गेला. अध्यक्षांना ही माहिती फार आवडली. साहेबाच्या डोक्याशी ज्याचा जन्म झाला, त्यावर आपण बसणार, यात त्यांना स्वातंत्र्यलढ्याचा राहिलेला एक भाग पुरा झाल्यासारखं वाटलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली खेळाडूंना पुठ्ठ्याचे पलंग दिले होते आणि ते 200 किलो वजन झेलत, हे कळल्यावर तर त्यांनी मनातल्या मनात स्वतःला दोनानं गुणून पाहिलं आणि विरोध मागं घेतला.

पण पोरीचं खरं दैवत म्हणजे शिगेरू बान नावाचा जपानी वास्तुशिल्पी. 1986 साली टोकियोत आल्व्हार आल्टो या फिनलंडच्या वास्तुशिल्प्याच्या कामाचं प्रदर्शन होतं. मांडणी बानकडं होती. लाकूड परवडेना, आणि तीन आठवड्यांसाठी ते कापून फेकून देणंही जिवावर येई. तेव्हा त्यानं कागदाच्या जाड नळ्या वापरल्या. खजिनदार हे ऐकून सद्गदित झाले. शिल्लक नसल्यामुळं माणूस जगप्रसिद्ध होऊ शकतो, हे त्यांना प्रथमच कळलं. पुढं 1995 साली कोबेच्या भूकंपानंतर बाननं बेघरांसाठी कागदी नळ्यांची घरं बांधली, तीही वाळूच्या पिशव्या भरलेल्या बिअरच्या क्रेट्सच्या पायावर. 2001 च्या भूकंपानंतर तो भुजलाही आला. तिथं पायाला पडक्या घरांचा राडारोडा वापरला. क्रेट्सच्या पायाबद्दल चिटणीस म्हणाले, "हे इतिवृत्तात नको."

कामाला सुरुवात झाली. एमआयडीसीतल्या एका खोक्यांच्या कारखान्यानं छपाई बिघडलेले पाच पदरी तक्ते रद्दीच्या भावात दिले. त्यांवर पंखे, मिक्सर, चहा यांची चित्रं होती, बाण होते, 'हा भाग वर' होतं, 'जपून हाताळा' होतं. पोरीनं ते तसंच ठेवलं. चिकटपट्टीला सक्त मनाई. प्लॅस्टिक चिकटलं की पुठ्ठ्याच्या पुनर्जन्मात विघ्न येतं म्हणे. पाट्या चिकटवायला घरची गव्हाची खळ. कागदाच्या तंतूला पुनर्जन्म तरी किती, तर पाच-सात. दर फेरीत तो आखूड होत जातो. माणसाला चौऱ्याऐंशी लक्ष फेऱ्या आहेत, त्या मानानं कागद लवकर सुटतो.

पुठ्ठ्याचे शत्रू दोन, पाणी आणि आग. आणि आपला कुठलाही शुभप्रसंग नेमका या दोहोंवाचून होत नाही. हवा दमट झाली तरी पुठ्ठा ढेपाळतो. त्यातून परतीचा पाऊस दारात. मग फरशी पुसणं तीन दिवस बंद, फक्त केरसुणी. नारळ अंगणात फोडायचा. समई ओसरीवर. प्रमुख पाहुण्यांनी ओसरीवरच दीपप्रज्वलन केलं, फुंकर मारून काडी विझवली, आणि ती काडी थेट बादलीत बुडवेपर्यंत पोरगी त्यांच्या मागं उभी होती. इतक्या काळजीनं आजवर कुणी आपल्याकडं पाहिलं नव्हतं, असं पाहुणे भाषणात म्हणाले.

आता प्रदर्शन म्हटलं की आपल्याला काय दिसतं? पांढऱ्या चादरीची टेबलं, दोरी, आणि 'हात लावू नये' ही पाटी. माणसं रांगेनं पुढं सरकतात, मान डोलावतात आणि वीस मिनिटांत चहापाशी पोचतात. इथं वेगळंच झालं. पुठ्ठ्याच्या उतरत्या मांडण्यांवर अंक ठेवले होते. फार जुने तेवढे काचेखाली, बाकी सगळे उघडे. आणि कारखान्यानं तक्ते जास्त दिले म्हणून पोरांनी स्टुलं केली होती चाळीस. ती कुठंही पडलेली. वजनाला हलकी, दुसरीतलं पोरही एका हातानं उचलून हव्या त्या अंकापुढं ठेवी. लाकडी खुर्चीत बसायचं तर आपण 'बसू का?' असं विचारतो. पंख्याच्या खोक्याला काय विचारायचं? आजोबा मंडळी आली, टेकली आणि तासन्‌तास उठेनात. एक आजी आपल्या लग्नाच्या वर्षीचा अंक मांडीवर घेऊन बसल्या. पाककृतीच्या पानावर तेव्हाचा तुपाचा भाव काढून त्या शेजारच्या परक्या बाईशी भांडल्यासारख्या बोलत होत्या. अध्यक्ष 'जपून हाताळा'वर बसले. स्टूल काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर मला कोपऱ्यात मामा दिसले. एका स्टुलावर बसून ते अंक वाचत होते. ओठ हलत होते. एकतीस वर्षं त्यांनी हे अंक झटकले, मोजले, कपाटात लावले, आणि वाचनकक्षात बसलेलं त्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं. खुर्च्या सभासदांच्या. मामा दाराशी, फार तर पायरीवर. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. खुर्चीलाच तो ठाऊक होता. या स्टुलांना कुणी काही शिकवलं नव्हतं. मी जवळ गेलो तशी त्यांनी उठायची तयारी केली. मी शेजारी एक स्टूल ओढलं आणि बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "गोष्टी बऱ्या असतात हो यात."

चौथ्या दिवशी सकाळी रद्दीवाला हातगाडी घेऊन आला. पोरीचा सिद्धांत असा, की मोडता येणं ही या कामाची अर्धी कला. खाचेतून खाच काढायची, सपाट करायचं, गाडीवर चढवायचं. तासाभरात खोली रिकामी. पण स्टुलांपाशी गाडी अडली. "हे टाकताय?" अशी विचारणा सुरू झाली. मराठी मध्यमवर्गीय माणूस मिक्सर विकेल, पण मिक्सरचं खोकं टाकणार नाही. इथं तर त्याच खोक्याची बैठक झालेली! लग्नाच्या वर्षीचा अंक वाचणाऱ्या आजी नातवाला घेऊन आल्या आणि स्टूल घेऊन गेल्या. अध्यक्षांनी आपलं नेलं. दहा वाजेपर्यंत एकही स्टूल उरलं नाही. पोरगी रडकुंडीला आली. "अहो काका, याचा पुन्हा कागद व्हायला हवा!" रद्दीवाला म्हणाला, "ताई, होईल की. पन्नास वर्षांनी बोलवा."

मग मी तिला तिच्याच दैवताची गोष्ट ऐकवली. कोबेला घरांबरोबर बाननं कागदी नळ्यांचं एक चर्चही उभारलं होतं. स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत बांधलेलं, अगदी तात्पुरतं. ते दहा वर्षं राहिलं. 2005 साली उतरवलं तेव्हा तैवानच्या भूकंपग्रस्त गावानं ते मागून नेलं आणि 2008 पासून ते तिथं उभं आहे. बान म्हणतो, की इमारत टिकते ती कशाची बांधली यावर नव्हे, लोकांचा जीव तिच्यात गुंतला का यावर. पैशासाठी बांधलेलं काँक्रीटही तात्पुरतंच. पोरीनं नाक पुसलं. "चर्च ठीक आहे," ती म्हणाली, "पण लोक स्टुलांवर कुंड्या ठेवतील आणि पाणी घालतील." यावर बानकडं उत्तर असलं तर ते तिच्या वाचनात नव्हतं.

इमारत डिसेंबरात पाडली. दोन दिवस पुरले. कोनशिला तेवढी खजिनदारांनी उतरवून ठेवली आहे. वाचनालय आता गाळ्यात चालतं. टेबलांच्या डोंगरामुळं सभासदांना उभं राहूनच पुस्तक बदलावं लागतं. बसायची सोय एकच: दाराच्या आत, कपाटाला टेकून, चहाच्या जाहिरातीचं एक स्टूल. त्यावर मामा बसतात आणि वाचतात. 'आहेत का?' असं विचारत कुणी आलं तर पान पुरं करून मान वर करतात. पावसाची चिन्हं दिसली की ते स्टूल उचलून कपाटावर ठेवतात, आणि कुणी विचारलंच तर सांगतात, "नवं फर्निचर येईपर्यंत. तात्पुरतं."