रोवणीचा सदरा आणि बर्फावरचा कोट

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला थंडीच्या कपड्यांचा सल्ला विचारू नये. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यात वैनगंगेच्या काठाने पहाटे धुके उतरते, तेव्हा एक स्वेटर, कानाला मफलर आणि दारापुढची शेकोटी एवढ्यावर आमचे भागते. फेब्रुवारी उजाडला की स्वेटर पुन्हा पेटीत जातो.

पण कामाचा पोशाख कसा असावा, हे मात्र आमच्या जिल्ह्याला चांगले कळते. जुलैमध्ये लाखांदूर, पवनी, साकोलीकडे जाताना धानाच्या बांध्यांत रोवणी चाललेली दिसते. बायांनी लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले असते आणि वरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला असतो. पाऊस आला की पाठीवर प्लास्टिकचा कागद. त्या सदऱ्यामुळे धानाच्या पात्यांनी हात कापत नाहीत, उन्हाने दंड भाजत नाहीत. बाईने पुरुषाचा सदरा घातला म्हणून बांधावरचे कोणी हसत नाही.

एवढे डोळ्यांसमोर असूनही काश्मीरला निघताना आम्ही हे शहाणपण घरीच ठेवून गेलो. त्याची ही हकीकत.

आम्ही उभयता शिक्षक. चार वर्षे थोडेथोडे पैसे बाजूला टाकले आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही मुलांना घेऊन गुलमर्गला जायचे ठरवले. थोरली मुलगी तेव्हा नववीत होती. बर्फावर दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरत जाण्याचा तो स्नोबोर्डिंग नावाचा खेळ तिने कुठेतरी पाहिला होता. "एकदा तरी करून बघू द्या," एवढेच तिचे मागणे होते. धाकट्याला फक्त बर्फाचा गोळा फेकायचा होता.

कपडे घ्यायला नागपूरला सीताबर्डीवर गेलो. मुलीने एक गुलाबी जाकीट उचलले. हाताला हलके, सरसर आवाज करणारे, मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारे. आम्ही दोघांनीही एका सुरात नाही म्हटले. रंग भडक, लांबी कमी, आणि इतके हलके जाकीट थंडी काय अडवणार? त्याऐवजी तिच्यासाठी काळा, जाड, घोट्याच्या थोडा वर राहणारा, गळ्याला लव असलेला कोट घेतला. अब्रूही राहील, ऊबही मिळेल आणि दिसायलाही भारदस्त, असा आमचा हिशेब. खरे सांगायचे तर फोटो नातेवाइकांत गेल्यावर कोण काय म्हणेल, हा विचार त्या हिशेबात सगळ्यात वर होता. तो तेव्हा आम्ही स्वतःशीही कबूल केला नाही.

निघायच्या दिवशी दादींनी आपला कोशाचा जुना रुमाल नातीच्या हातात दिला. आमच्या भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवतात. मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवर त्या सुताचे कापड विणले जाते. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेले इथले करवतकाठी लुगडे प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्या काठाची गंमत अशी की विणताना तीन धोटे चालतात. काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत नेतात, म्हणून दोन रंग वेगळे उठून दिसतात आणि जोडही सुटत नाही. नक्षी आणि मजबुती एकाच विणीतून येते. दादींना हे समजावून सांगावे लागत नाही. त्या फक्त म्हणाल्या, "गळ्याला गुंडाळ. हे कापड टोचत नाही आणि घाम धरत नाही."

रेल्वेने जम्मू, तिथून गाडीने बनिहालमार्गे श्रीनगर. दुसऱ्या दिवशी टंगमर्ग. गुलमर्गचा चढ इथून सुरू होतो, साधारण १३ किलोमीटरचा. बर्फ असला की बिनसाखळीच्या गाड्या इथेच थांबतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने आहेत. दिवसभर किती पर्यटकांच्या अंगावर फिरून आलेले ते कोट आतून दमट असतात. आमच्या मुलीकडे स्वतःचा कोट होता, त्यामुळे आम्ही जरा ऐटीतच पुढे गेलो.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचावर आहे. देवदारांच्या मध्ये पसरलेले पांढरे मैदान, त्यामागे अफरवाटचा डोंगर आणि त्यावर चढत जाणारा गंडोला. चिल्ला-ए-कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडक थंडीचे चाळीस दिवस, नुकतेच सुरू झाले होते. नवशिक्यांसाठीचा उतार आमच्या गावच्या तलावाच्या पाळीपेक्षा फार मोठा नव्हता. शिकवणारा काश्मिरी तरुण मुलीच्या कोटाकडे बघून काही बोलणार होता, पण आमच्याकडे पाहून गप्प राहिला.

पहिल्या तासात ती निदान वीस वेळा पडली. या खेळात शिकणारा माणूस उभा कमी असतो, बसलेला जास्त. पाय बांधलेले असल्याने तोल गेला की बैठकीवर, गुडघ्यांवर किंवा हातांवरच पडतो, आणि उठण्यापूर्वी तिथेच बर्फात बसून राहतो. कोटाच्या लोकरीला बर्फ चिकटला, वितळला, मुरला. वजन दुप्पट झाले. आतली सुती सलवार भिजून अंगाला चिकटली, सुती मोजे ओले झाले. मग कोटाचा घेर फळीखाली आला आणि ती तोंडावर आपटली.

धावत गेलो तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते, आणि हातमोजे काढले तर दोन बोटांची टोके पांढरीफटक, स्पर्श न कळणारी. आम्ही बोटे चोळायला लागलो, तर त्या तरुणाने थांबवले. चोळायचे नाही. तिला जवळच्या लाकडी खोलीत नेले, ओले कपडे बदलायला लावले, हात तिच्याच काखेत धरायला सांगितले. हळूहळू रंग परत आला, अल्हम्दुलिल्लाह. त्या पंधरा मिनिटांत आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

तरुण अदबीनेच बोलला, "जनाब, हा कोट लग्नात घालायचा आहे. बर्फात नाही."

मुलगी रडत होती. आम्ही म्हटले, "राहू दे आता. फोटो तर झालेत." त्यावर ती म्हणाली, "मला फोटो नको होते, अब्बा. मला शिकायचं होतं."

रात्री हॉटेलात नवरा-बायकोत बराच वेळ बोलणे झाले. मुलीच्या अम्मीने जे सांगितले ते आमच्या ध्यानातही आले नव्हते. ती म्हणाली, "लांब कोट आपण झाकण्यासाठी घेतला. पण भिजलेली सलवार अंगाला चिकटल्यावर काय झाकलं गेलं?" यावर उत्तर नव्हते. सूरह आराफमध्ये पोशाखाचे दोन उपयोग सांगितले आहेत, देह झाकणे आणि शोभा. आणि तक्वाचा पोशाख सर्वांत उत्तम म्हटला आहे. सूरह नहलमध्ये उन्हापासून वाचवणाऱ्या वस्त्रांचा उल्लेख नेमत म्हणून येतो. आम्ही वर्गात हे शिकवतो. दुकानात मात्र आम्ही झाकण्याच्या नावाने शोभा विकत घेतली होती, तीही मुलीची नव्हे, आमची स्वतःची.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणालाच सोबत घेऊन खेळाचे कपडे भाड्याने घेतले. त्याने एकेक वस्तू समजावून दिली. आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, सुती मुळीच नाही, कारण सुती कापड ओले झाले की ऊब सोडते. मधला थर हवा धरून ठेवणारा. बाहेरचा थर फक्त वारा आणि पाणी अडवणारा, म्हणून तो हलका असला तरी चालतो. या जाकिटांवर १०,००० मिलिमीटर असा आकडा असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी ते आत झिरपणार नाही, त्याचे ते माप. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हेही बघायचे. पाणी शिवणीच्या भोकांतून शिरते. मोज्यांची एकच जोडी घालायची. दोन घातल्या की बूट आवळतो, रक्त कमी पोचते आणि पाय जास्त गारठतात. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारे मोजे अधिक उबदार.

विजार ढगळ होती. हा घोळदारपणा रस्त्यावर चाकांच्या फळीवर खेळणाऱ्या पोरांच्या फॅशनमधून बर्फावर आला. पण तो टिकला, कारण गुडघे वाकवायला आणि आत थर घालायला जागा लागते. मुलीच्या अम्मीला तर ती विजार फारच पसंत पडली.

रंगाचा प्रश्न उरला होता. आम्ही दबक्या आवाजात विचारले, जरा साधा रंग नाही का? तरुण हसला. धुके उतरले किंवा कोणी बर्फात रुतले, तर शोधायला भडक रंगच कामी येतो. पांढरा घालणारा माणूस इथे दिसेनासा होतो. म्हणजे सीताबर्डीवर ज्या गुलाबी रंगाला आम्ही नखरा म्हटले, त्याला इथे काम होते. आणि ज्या लवेच्या गळ्याला आम्ही ऊब समजलो, तो निव्वळ नखरा होता.

दादींचा रुमालही कामी आला. ओढणीची टोके मोकळी ठेवणे धोक्याचे, ती कशातही अडकू शकतात. मुलीने रुमालाने डोके-गळा घट्ट बांधला, टोके जाकिटात खोचली, वर हेल्मेट चढवले, डोळ्यांना बर्फाचा चष्मा. डोक्यापासून पायापर्यंत नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

त्या दिवशीही ती पडली, पण कोरडी राहिली. दुपारी जुहरची नमाज कसर पढून आम्ही बाहेर आलो, तेव्हा ती उतारावरून आडवी, डुगडुगत, तरी न पडता खाली आली. तरुणाने टाळी वाजवली. त्याच्या अंगावर खेळाचे जाकीट होते. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो भेटला तेव्हा फेरन घालून बसला होता. फेरनचा घेर मोठा असतो, म्हणून हात आत ओढून कांगडी पोटाशी धरता येते. बायकांच्या फेरनवर जरीचे टिल्लाकाम असते, ते गळ्याभोवती, छातीवर आणि बाह्यांच्या टोकांना. आम्हाला आंधळगावचा माग आठवला. उतारावर तो फेरन घालत नाही आणि टपरीवर जाकीट घालत नाही.

परतल्यावर वाचनात आले की या खेळाची सुरुवात अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६५ साली झाली. शर्मन पॉपेन नावाच्या बापाने आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन पट्ट्या एकत्र जोडल्या. १९९८ साली जपानमध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडे २०२० पासून गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा भरतात. आमची मुलगी तिथे पोचेल असे आम्ही म्हणत नाही. भंडाऱ्यात बर्फ कुठला?

वाचकांपैकी कोणी मुलाबाळांसह त्या बाजूला जाणार असतील तर एवढेच सांगतो: कोट विकत घेण्याची घाई करू नका. खेळायचे असेल तर खेळाचे कपडे तिथे भाड्याने मिळतात. इथून फक्त लोकरीचे आतले कपडे आणि मोज्यांच्या तीन-चार कोरड्या जोड्या न्या. आणि मुलगी काही निवडत असेल, तर नाही म्हणण्याआधी का निवडले ते विचारा. आम्ही विचारले नव्हते. नंतर विचारले तेव्हा कळले, त्या जाकिटाच्या चिठ्ठीवर तिने तो पाण्याचा आकडा वाचला होता.

फोटो दादींना दाखवताना आम्ही जरा बिचकतच होतो. दादींनी चष्मा वर-खाली केला. गुलाबी ठिपका बोटाने दाखवून विचारले, "ही आपली पोरगी? हिचं तर काहीच दिसत नाही." मग रुमाल ओळखला आणि खूश झाल्या.

काळा कोट पेटीत आहे. येत्या हिवाळ्यात मामेबहिणीचे लग्न आहे, तेव्हा इन्शाअल्लाह बाहेर निघेल.