विचारणारा कोण?

पीएच.डी.ला आलेला विद्यार्थी सुरुवातीलाच विचारतो, "मॅडम, टूल कोणतं घेऊ?" पेट, म्हणजे प्रवेश परीक्षा, निघालेली असते, आरआरसी या संशोधन समितीपुढे सिनॉप्सिस मांडून झालेला असतो. आता एखादी प्रमाणीकृत मापनी हाती आली की काम मार्गी लागेल, असं त्याला वाटतं. त्यात गैर काही नाही. मनातलं मोजता येतं, या विश्वासावरच सामाजिक मानसशास्त्र उभं आहे. पण छत्रपती संभाजीनगरात राहून जातीविषयीच्या वृत्ती मोजायच्या, तर मापनीच्या आधी आणखी एक तयारी लागते. कोर्सवर्कमध्ये तिला जागा नसते.

विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन जालन्याकडच्या एखाद्या गावात जातो. पारावर चार माणसं बसलेली असतात. त्याने तोंड उघडण्याआधी त्यालाच प्रश्न येतो, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" आडनावावर उलगडा झाला नाही तर मामाचं गाव, मग पाहुणे कुठले. एवढ्यात त्याची जागा ठरते. पुढे 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंतच्या पाच रकान्यांत जी खूण पडते, ती त्या जागेकडे बघून पडते. तोच कागद दुसऱ्या आडनावाच्या मुलाने नेला, किंवा मुलीने नेला, तर खूण सरकते. भरून आलेल्या प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून मी हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

हे पाच रकाने रेन्सिस लिकर्ट यांचे. कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या डॉक्टरेटच्या कामातून 1932 मध्ये ते आले. त्याच विद्यापीठात सोळा वर्षं आधी, 9 मे 1916 रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. जातीतच लग्न करणं हा जातीचा गाभा, ही त्यातली मांडणी. पुढे 1925 मध्ये एमरी बोगार्डस यांनी सामाजिक अंतर मोजण्याची मापनी मांडली. तिच्या सात पायऱ्यांतली सर्वांत जवळची पायरी कोणती? या गटातल्या माणसाशी लग्नाचं नातं जोडाल का, ही. मित्र, शेजारी, सहकारी हे सगळे त्यानंतर. अमेरिकेतल्या वंशभेदासाठी तयार झालेल्या मापनीची पहिली पायरी आणि त्याआधी नऊ वर्षं वाचलेल्या निबंधाचा गाभा एकच निघतो. हे शिकवताना माझा आवाज दरवेळी चढतो. मी ज्या पुस्तकांवर मानसशास्त्र शिकले त्यांत बोगार्डस होते, लिकर्ट होते. हा निबंध नव्हता.

आणि ज्या विद्यापीठात आम्ही बसतो त्याला आंबेडकरांचंच नाव आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलितांची घरं जळाली. नाव लागलं ते 14 जानेवारी 1994 रोजी, नामविस्तार म्हणून. अफवा कशी पसरते, शेजारी शेजाऱ्यावर कसा उठतो, एका नावाने एका गटाला आपलं काही हिरावल्यासारखं का वाटतं, आणि दुसरा गट त्याच नावासाठी जीव का देतो, हे सारं आमच्या विषयातलंच आहे. आज शोधप्रबंध लिहिणाऱ्या मुलांच्या घरांत त्या वर्षांच्या आठवणी आहेत. कुणाचे वडील नामांतराच्या मोर्चांत होते, कुणाच्या घरात त्याविषयी अजून बोललंच जात नाही. अशा मुलाला 'तटस्थ राहा' एवढंच सांगून गावात पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

रिचर्ड लापिअर यांचा 1934 चा अभ्यास वर्गात सगळ्यांनाच आवडतो. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकाभर फिरले. 251 हॉटेलं-खानावळींपैकी नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर पत्राने विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. आपल्याकडे बहुधा उलटं घडतं. कागदावर सगळे समतेच्या बाजूने असतात, "आम्ही जातपात मानत नाही" असं आपणहून सांगतात, आणि बोगार्डसच्या पहिल्या पायरीशी येऊन पेन थांबतं. थोड्या वेळाने खूण होते, तीही बहुतेकदा 'हो'ची. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ते 'हो' जातं. थांबलेलं पेन जात नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक वही ठेवायला लावते. आपल्याला काय विचारलं गेलं, कुठे बसवलं, पाणी कशातून दिलं, कोणत्या प्रश्नाशी माणूस घुटमळला, हे त्याच संध्याकाळी लिहायचं. युजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षं मिळतात. त्यातले पहिले काही महिने प्रश्नावलीशिवाय गावात जाण्यासाठी राखून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. शक्य असेल तिथे एकाच गावात एकच मापनी दोन वेगवेगळ्या समाजांतल्या संशोधकांनी न्यावी. दोघांच्या आकड्यांत पडलेला फरक चूक समजून परिशिष्टात ढकलू नये, निष्कर्षांच्या प्रकरणात लिहावा, आणि मौखिकीत परीक्षकांनी त्यावर प्रश्न विचारावेत.