मंडळ आणि मंडळी

पाण्यात बुडी मारली की माणूस शुद्ध होतो, हे नाशिककराला कुणी पटवून द्यावं लागत नाही. गोदावरीला आम्ही सरळ ‘गंगा’ म्हणतो. ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारा नाशिककर हरिद्वारला निघालेला नसून रामकुंडापर्यंत जाऊन, येताना मेथीची जुडी घेऊन येणार आहे, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असतं. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २०१५ साली आला तेव्हा सगळा देश आमच्या दारात बुडी मारायला लोटला होता आणि आम्ही खिडकीत बसून ‘आपल्याकडे कसली गर्दी असते नाही?’ असं कौतुकानं म्हणत होतो. अशा गावात एका माणसानं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ओंजळभर पाण्यावर काम भागवायचं ठरवलं, तर खळबळ उडायचं काही कारण नव्हतं. पण उडाली. कारण तो माणूस आमच्या भजनी मंडळाचा पेटीवाला होता.

आमचं मंडळ गुरुवारचं. सभासद बारा. त्यातले गाणारे चार, आपण गातो असं समजणारे पाच, टाळ घेऊन बसणारे दोन आणि हजेरीवही व हिशेब ठेवणारा मी. मृदंगाला अण्णा. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या मृदंगाचं वय त्यांनाही माहीत नाही. आणि पेटीला हा आमचा मित्र. बावीस वर्षांत त्याचे गुरुवार चुकले ते मोजून नऊ. वही माझ्याकडे असल्यामुळे हा आकडा मी छातीठोकपणे सांगू शकतो.

तर एका गुरुवारी भजन संपल्यावर आणि चहा यायच्या आधी, म्हणजे माणसं जेव्हा सर्वांत कमी सहनशील असतात अशा वेळी, त्यानं पेटीचा भाता बंद केला आणि शांतपणे सांगितलं, “येत्या महिन्यात मी बाप्तिस्मा घेतोय. शरणपूरला. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं.”

टाळ वाजवणाऱ्यांच्या हातातले टाळ आपोआप वाजले. एवढा अचूक ठेका त्यांनी आजवर कधी धरला नव्हता.

धर्म, परंपरा, पूर्वज असे भारदस्त प्रश्न आता येणार, म्हणून मी सावरून बसलो. पण पहिला प्रश्न आमच्या खजिनदारांनी विचारला : “आणि पेटी?” खोलीत एकदम वास्तवाचं भान पसरलं. पेटी मंडळाची नव्हती. पेटी त्याची स्वतःची होती. म्हणजे माणूस गेला तर सूरही जाणार, आणि नवी पेटी घ्यायची तर तेवढी शिल्लक वहीत नव्हती. आयुष्यात मी बरेच धार्मिक वाद ऐकले आहेत. बहुतेकांच्या तळाशी अशी एखादी पेटी असतेच.

तो असा कसा वळला, याबद्दल गावात बरंच बोललं गेलं. कुणी म्हणालं, काहीतरी मिळालं असणार. मिळालं होतंच, पण काय ते आम्हाला माहीत होतं. त्याची बायको गेली तेव्हा आम्ही सगळे गेलो, बसलो, तेराव्याला जेवलो आणि रीतीप्रमाणे आपापल्या घरी परतलो. चौदाव्या दिवशी काय करायचं हे आपल्याकडे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. बायकोबरोबर नोकरीत असलेल्या एक बाई आणि त्यांचे यजमान, शरणपूर रोडला राहणारे, ते चौदाव्या दिवशी डबा घेऊन आले. पंधराव्याही दिवशी आले. दोन वर्षं येत राहिले. त्यांनी त्याला काही समजावलं नाही, एखादं पत्रकसुद्धा हातात दिलं नाही. उलट त्यानंच एक दिवस विचारलं, “तुम्ही रविवारी कुठे जाता?” मग तोही जाऊ लागला, मागच्या बाकावर बसू लागला. तिसऱ्या वर्षी त्यानं ठरवलं. चपलेसुद्धा तीन दुकानं हिंडून घेणारा माणूस. देव काही घाईत निवडणार नव्हता.

आमच्यात एक निवृत्त मराठीचे मास्तर आहेत. कुठलाही प्रश्न उभा राहिला की ते आधी इतिहास उभा करतात. त्या गुरुवारी चहा गार होईपर्यंत त्यांनी आम्हाला नारायण वामन टिळक सांगितले. टिळकांचं शिक्षण याच नाशकात झालं, लग्नही इथेच झालं. बायको गंगेकाठच्या जलालपूरची, गोखल्यांची मुलगी. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्यानं ‘नव्या करारा’ची प्रत हातात दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. “रेल्वेत गप्पा मारताना जपून असावं,” असा निष्कर्ष खजिनदारांनी काढला.

पण मास्तरांना सांगायचं होतं ते पुढचं. टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकाराम त्यांनी सोडला नाही. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या वाटेनं, असं ते उघडपणे सांगत. त्यांनी ख्रिस्ताची भजनं लिहिली ती अभंगांत आणि ओव्यांत. ती ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी ख्रिस्ती लोक आजही म्हणतात. पूल ओलांडल्यावर माणसं बहुधा पूल विसरतात. काही तर मागे वळून तो मोडतातही. टिळकांनी पुलाचे आभार मानले.

“आणि बायकोचं काय झालं?” अण्णांनी विचारलं. अण्णांना इतिहासात नेहमी हाच प्रश्न पडतो.

लक्ष्मीबाईंचं काय झालं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालं. मराठी घरात ते नसलं तरी आपल्याकडे ते आहे असं सांगायची पद्धत आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं असं कडक, की मीठसुद्धा धुवून घ्यायचे. त्या घरातली मुलगी, आणि नवरा ख्रिस्ती झाला! त्यानंतर चार-पाच वर्षं ती नवऱ्यापासून दूर राहिली. त्या दिवसांत तिला आणि तिच्या लहान मुलाला सांभाळलं ते बहीण भिकुताई आणि मेहुणे पेंडसे यांनी. पुढे ती नगरला नवऱ्याकडे आली, तरी सुरुवातीला तिचं पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी ती चूल मोडली नाही. वाट पाहिली. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. शेवटची वर्षं ती नाशकात राहिली आणि १९३६ साली इथेच गेली. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ तिनंच पुरं केलं. आणि त्याच टिळकांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहून गेले. कविता घेऊन आले, कविता घेऊन गेले. धर्म होता तोच राहिला.

मास्तर थांबले. खोलीत कुणी काही बोललं नाही. मला मात्र त्या पेंडशांचं राहून राहून नवल वाटत होतं. श्रद्धा बदलणाऱ्याचा इतिहास लिहिला जातो. ज्यानं श्रद्धाही बदलली नाही आणि वागणंही बदललं नाही, त्याचं नाव पुस्तकात कुठेतरी मधल्या पानावर येतं. पण मधली पानं नसतील तर पुस्तक सुटं होतं हो!

रविवारी आम्ही अकराजण शरणपूरला गेलो. अकरा कशानं, ते पुढे सांगतो. शरणपूर ही वस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवली आणि नाव मराठमोळं ठेवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथे आणली, शिकवली. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या जंगलात वारला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याचा देह शेकडो मैल वाहून समुद्रापर्यंत आणला. त्यांत हा होता, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा खांदेकऱ्यांतही होता. नाशकात शिकलेला मुलगा! आपण मात्र शरणपूर रोडवर सिग्नल लाल का, एवढंच बघतो.

चर्चच्या दाराशी आम्ही सवयीनं चपला काढल्या. आत गेल्यावर पाहिलं तर सगळे पादत्राणांसह बसलेले. बाहेर आमचे अकराच जोड ओळीनं उभे. त्यामुळे आमची हजेरी रस्त्यावरूनही मोजता येत होती. बरोबर शाल-श्रीफळ होतं. बाप्तिस्म्याला आहेर काय न्यावा यावर घराघरांत चर्चा झाली होती. ‘नारळ सगळ्यांना चालतो,’ असा निकाल आमच्या हिनं दिला होता.

तिथे कळलं की चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. आमचं ते मंडळ, त्यांची ती मंडळी. फरक एका वेलांटीचा. आणि मनोगताला म्हणतात ‘साक्ष’. ‘आता भाऊ साक्ष देतील’ असं पाळकांनी जाहीर करताच आमच्यातले निवृत्त बेलिफ एकदम ताठ बसले.

बाप्तिस्म्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पाळकांनी तीनदा कपाळावर पाणी घातलं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आणि झालं. आमच्या मित्राच्या चष्म्यावरून थेंब ओघळत होते. ते सगळेच पाण्याचे नव्हते. साक्षीत तो फार बोलला नाही. देवाचे आभार मानले, डबा आणणाऱ्या त्या दोघांचे मानले. मग आमच्याकडे वळून म्हणाला, “बावीस वर्षं दर गुरुवारी ज्यांनी मला देवाचं नाव घ्यायची सवय लावली, ते तिकडे मागे बसलेत. त्यांना वाटत असेल मी उठून गेलो. मी उठून गेलेलो नाही.”

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर टिळकांचं भजन झालं. चाल ओळखीची, घाट अभंगाचा. दुसऱ्या कडव्याला अण्णांची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर सुरू झाली. पुढे बसलेल्या आजींनी मागे वळून पाहिलं आणि त्या जराशा सरकून बसल्या, हात मोकळा चालावा म्हणून.

मग चहा, केक. आता त्या दिवशी एकादशी होती, आणि अण्णांनी साठ वर्षांत एकादशी मोडलेली नाही. केक पुढे आला की नको कसं म्हणायचं, याची ते मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात मंडळीतला एक पोरगा ताट घेऊन थेट त्यांच्यासमोर आला. ताटात केळी, राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचा लाडू. “भाऊंनी कालच सांगून ठेवलंय, एका आजोबांचा उपास आहे.”

वाचकहो, श्रद्धेच्या खरेखोटेपणावर भांडायला मी कुणी पंडित नव्हे. पण आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सगळं जग आपल्याकडे बघत असताना, ज्याला दुसऱ्याची एकादशी आठवते, त्या माणसाला देव सापडला असणार असं मला वाटलं. कुठला, ते विचारायला मी गेलो नाही. ताटात एक लाडू माझ्या वाटचाही होता.

आता अकराचा हिशेब. बारांतला एक तो स्वतः. ती वजाबाकी सरळ आहे. पण आमच्या हिला धरून आम्ही अकरा झालो होतो. म्हणजे सभासद दहाच. एक गृहस्थ आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही आले नाहीत, आणि आजतागायत आलेले नाहीत. मित्राचा सख्खा भाऊही चर्चला आला नव्हता. त्या दोघांच्या मनाला काय लागलं असेल ते मला समजतं, आणि त्यावर विनोद सुचत नाही. त्या गृहस्थांचं नाव मी वहीतून कमी केलेलं नाही. दर गुरुवारी त्यांच्या रकान्यापुढे टिंब देतो, काट मारत नाही.

बाप्तिस्म्यानंतरच्या गुरुवारी साडेसहाला सगळे जमलो. पेटीची जागा रिकामी. कुणी कुणाकडे बघेना. सहा पस्तीसला जिन्यावर पावलं वाजली आणि पेटी उचलून धापा टाकत तो आला. बसला, आणि म्हणाला, “एक आधी बोलून घेतो. अभंगाला साथ करीन. आरतीला मात्र उभा राहीन, हात जोडीन, पण म्हणणार नाही. चालत असेल तर भाता उघडतो. नसेल तरी राग नाही.”

अण्णा मृदंगाला कणीक लावत होते. मान वर न करता म्हणाले, “बावीस वर्षं आरतीत तू एकटा वेगळ्या पट्टीत ओरडत होतास. देवानं ऐकलं म्हणायचं. काळी दोन दे.”

त्यानं काळी दोन दिली.

गेल्या नाताळात चर्चची पेटी ऐन वेळी बंद पडली आणि आमची पेटी चार दिवस रिक्षानं शरणपूरला जात-येत होती. त्या धावपळीत भात्याला चीर गेली. दुरुस्तीचं बिल आलं तेव्हा खजिनदार आणि पाळक यांची माझ्या घरी अर्धा तास बैठक झाली. दोघेही आपणच सगळे पैसे देणार म्हणून हट्टाला पेटले होते, आणि पेटीचा मालक बिचारा कोपऱ्यात बसून चहा पीत होता. अखेर वहीत नोंद झाली ती अशी : ‘पेटी दुरुस्ती : अर्धे मंडळ, अर्धे मंडळी.’ हिशेब तपासनिसाला त्यात शुद्धलेखनाची चूक वाटली. मी ती तशीच ठेवली आहे.