तांबडं शेवाळ

करकंबहून समुद्र कुठल्याच वाटेनं जवळ नाही. माळशिरस, माण, सातारा, कोयना असं करत घाट उतरावा तेव्हा कुठं कोकण लागतं. सरळ रेषेत मोजलं तरी दोनशे किलोमीटरच्या वर. आमच्या भागाचा गंध तापल्या मातीचा, उसाच्या पाचटाचा आणि हंगामात बेदाण्याच्या शेडचा. पण आमच्या सोप्यात, आबांच्या लाकडी दिवाणाच्या समोर, काचेच्या टाकीत थोडा समुद्र आहे. बोअरचं पाणी आरओ यंत्रातून काढायचं, त्यात समुद्री क्षारांचं तयार मिश्रण लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवायचं, विशिष्ट गुरुत्व १.०२५ पर्यंत आणायचं आणि मग ते टाकीत सोडायचं. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशची जोडी राहते. हे मासे समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीतच जन्मलेले आहेत. रामेश्वरजवळच्या मंडपममध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची पैदास करण्याचं तंत्र बसवलं, म्हणून आपल्या देशात असे मासे मिळू शकतात. प्रवाळ मात्र माझ्याकडे नाही. दगडी प्रवाळाला आपल्याकडे २००१ पासून वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, आणि ते मला मनापासून पटतं. प्रवाळ बघायचं तर मालवणला जावं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून बघावं.

या टाकीत तांबडं शेवाळ आलं. आधी मागच्या दगडाच्या आडोशाला, जिथं पाणी जरा मंद फिरतं, तिथल्या पांढऱ्या वाळूवर डाळिंबी रंगाचा एक डाग दिसला. पाहता पाहता तो डाग पसरला आणि वाळूवर त्याचा सलग पापुद्रा धरला. मग तो दगडावर चढला, पाण्याच्या नळीवर चढला. जवळून पाहिलं तर त्याचं पोत मखमलीसारखं, आणि बोट लावलं की बुळबुळीत. सकाळी दिवे लागतात तेव्हा तो विरळ असतो. दुपार कलली की जाड होतो, आणि त्याच्या पाठीवर बारीक बारीक बुडबुडे उभे राहतात. ते बुडबुडे प्राणवायूचे. पापुद्र्याखाली साठले की त्याचा तुकडा वाळूसकट उचलला जातो आणि पाण्यात तरंगू लागतो. नळीनं ओढून काढायला गेलं तर अख्खा थर एका तुकड्यात सुटून येतो आणि त्याला कुजक्या पाण्याचा वास असतो. आज सगळा काढला तरी दोन दिवसांत वाळू पुन्हा लालसर दिसायला लागते.

आपण शेवाळ म्हणतो खरं, पण हे सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे जिवाणू. वनस्पतींसारखं सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. त्यांच्या अंगातल्या फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्यानं त्यांना हा तांबडेपणा येतो. खोल पाण्यात पोचणारा निळा-हिरवा प्रकाश या रंगद्रव्याला पकडता येतो. अरबी समुद्रातही यांचं एक भावंड आहे, ट्रायकोडेस्मियम. फेब्रुवारीपासून मेपर्यंत समुद्र शांत असतो तेव्हा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापुढे त्याचे करवती भुश्शासारखे पट्टे तरंगताना खलाशांना दिसतात. (जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं ते मात्र यांचं काम नव्हतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया निघाले. ते वेगळ्याच कुळातले.)

या जिवाणूंचं वय डोक्यात घेतलं की त्यांच्यावर रागावणं अवघड होतं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू साठू लागला तो यांच्या पूर्वजांनी सोडलेला. त्याआधीच्या जगात आपल्यासारख्या जिवाला श्वास घेता आला नसता. पुढं त्यांच्यातलाच एक दुसऱ्या पेशीच्या पोटात गेला, तिथंच राहिला, आणि त्याचाच वंश आज प्रत्येक हिरव्या पानात हरितलवक होऊन बसला आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेत ओलांड्यांवर कोवळी फूट येते, ती पोपटी पानं सकाळच्या उन्हाला धरून पाहावीत. त्या पोपटी रंगाचं आणि टाकीतल्या या तांबड्या थराचं मूळ घराणं एक आहे. माझ्या लेखी हे कळणं हीच या सगळ्या त्रासाची मोठी कमाई.

पण घराणं कितीही थोर असलं तरी टाकीत ते वाढू देता येत नाही. थर दगडांची छिद्रं बुजवतो, आणि तिथंच तर पाणी शुद्ध करणारे उपयोगी जिवाणू राहतात. रात्री दिवे गेले की हाच थर प्राणवायू ओढून घेतो. मासे वरच्या पाण्यात येऊन भराभर कल्ले हलवायला लागले, की समजावं पाण्यात श्वासाची टंचाई आहे.

दुकानदार लगेच एक बाटली पुढं करतात. अशा बऱ्याचशा औषधांत एरिथ्रोमायसिन असतं. घशाला किंवा छातीला जिवाणूंचा संसर्ग झाला की डॉक्टर कधी कधी जे प्रतिजैविक माणसाला देतात तेच. जिवाणू असल्यानं तांबडा थर त्यानं मरतो, झटपट मरतो. पण मेलेला थर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो, नत्राच्या साखळीत काम करणाऱ्या उपयोगी जिवाणूंना झळ बसू शकते, आणि ज्यावर थर पोसला ते अन्न पाण्यात तसंच राहतं. त्याशिवाय प्रतिजैविकाचं पाणी शेवटी गटारात सोडायचं, ही गोष्ट मला कधीच मान्य होणार नाही. मी बाटली घेतली नाही.

मग प्रश्न उरला तो खाण्याचा. हे जिवाणू नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसतात. टेस्ट किट दोन्ही जवळजवळ शून्य दाखवायचं, तरी थर जोमात. नवशिक्याला इथं चकवा लागतो. पाण्यात अन्न नाही असं किट सांगतं, कारण ते पाण्यात उरायच्या आत थरानं खाल्लेलं असतं. यांच्यातले काही तर हवेतून विरघळलेला नत्रवायूही स्वतः वापरात आणतात. तेव्हा अन्न येतंय कुठून, हे किट सांगणार नाही.

ते आबांनी सांगितलं. आबांना माशांचं विशेष कौतुक नाही, पण टाकीत रोज किती पाणी भरावं लागतं यावर त्यांची नजर असते. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा, पारा बेचाळीसच्या पुढं. पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा चालू, त्यामुळे पाण्याची पातळी रोज उतरायची आणि रोज आरओचं पाणी घालून ती भरायची. एके दुपारी दिवाणावर पडल्या पडल्या आबा म्हणाले, "पानी उडून जातंय, खार जागच्या जागी ऱ्हातोय. आपलं खालचं रान कशानं चोपण झालं? तसंच हाय की हे."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पाटाचं पाणी आलं, मुरायला वाट मिळाली नाही, उन्हानं वर ओढलं, पाणी गेलं आणि क्षार वर राहिले, असं आमच्या पट्ट्यातल्या कित्येक रानांचं झालंय. टाकीतही तेच. समुद्राचं मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. पण त्या भरीत थोडी जरी अशुद्धी असेल तर ती रोज साठत जाते. मी आरओचं बाहेर पडणारं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, मोजलं. मीटर शून्याजवळ असायला हवा होता, तो बराच वर होता. यंत्रातला गाळणारा पडदा थकला होता, आणि नायट्रेट तर थकल्या पडद्यातून सगळ्यात आधी निसटतं. क्षारांमध्ये तेच अडवायला अवघड. ज्या गावात रानोरान युरिया आणि दाणेदार खत पडतं, तिथल्या बोअरमध्ये नायट्रेट असणारच. पडदा बदलला, पुढं उरलेसुरले क्षार धरणारा डीआय रेझिनचा डबा जोडला. त्यातून आलेलं पाणी मीटरला शून्य दाखवतं.

बाकीचं काम कष्टाचं, पण साधं. पाणी फिरवणाऱ्या वेव्हमेकर पंपाचं तोंड मागच्या आडोशाकडं वळवलं, कारण हा थर मंद पाण्यातच बसतो. गोठवलेलं खाद्य चहाच्या गाळणीत धुऊन घालायचं, त्याच्या वितळलेल्या पाण्यात फॉस्फेट भरपूर असतं. पाणी बदलताना आधी थर ओढून काढायचा. मग तीन दिवस दिवे बंद, टाकीवर घोंगडी. आत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड चालू, आणि वीज जाते म्हणून त्याला बॅटरीचा पंप. घोंगडी काढली तेव्हा वाळू पांढरी होती. नंतरही कोपऱ्यात चिमूटभर लाल दिसायचं. नवं पाणी आत येत राहिलं तसं तेही विरत गेलं.

या दिवसांत उजनीकडं जाणं झालं की पाण्याकडं मी वेगळ्या नजरेनं पाहायचो. भीमेवरचं हे धरण १९८० ला पूर्ण झालं, सुमारे ११७ टीएमसीचं, आणि आमच्या भागातला ऊस, केळी, द्राक्षं त्याच्याच जिवावर उभी आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून शेवटी तिथंच येऊन थांबतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, त्याला वास सुटतो. तो हिरवा रंगही बऱ्याच अंशी याच कुळाचा. यांच्यातल्या काही जाती विष सोडतात, आणि तेच पाणी पुढं चंद्रभागेत येऊन वारकऱ्याच्या ओंजळीत जातं. तिथं घोंगडी घालता येत नाही, नळीनं ओढून काढता येत नाही. तिथं एकच उपाय आहे, तो म्हणजे शहराचं पाणी नदीत पडायच्या आधी शुद्ध करणं. तो वर्षानुवर्षं सांगितला जातोय आणि पुरेसा होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

टाकीतून काढलेलं खारं पाणी मी रानात किंवा गटारात सोडत नाही. माळवदावर परातीत ठेवतो, ऊन ते आटवतं, आणि खाली राहिलेलं मीठ खरवडून वेगळं काढतो. आबांनी घातलेली ही एकच अट आहे.

तुमच्या घरीही अशी टाकी असेल आणि वाळू लाल व्हायला लागली असेल, तर औषधाची बाटली आणायच्या आधी भरीचं पाणी मीटरवर मोजून पाहा. मीटर स्वस्त मिळतो.