चोर्ल्याच्या उतरणीवर

संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी बेळगावहून जुन्या गोव्यास पायी निघालेला यात्रेकरू जांबोटी ओलांडून मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीस, पोहोचेपर्यंत आपल्या पायांची फारशी आठवण काढीत नाही. खरी परीक्षा चोर्ला घाटाच्या उतरणीवर. तेथे पाऊल बुटात पुढे सरकते, अंगठा टोकावर आपटत राहतो आणि केरीच्या सखल भूमीवर येईतो कित्येकांची नखे काळीनिळी पडतात.

केरीपाशी चपला घालून चालणाऱ्या एका वृद्ध काकांस ठेच लागली. अंगठा रक्तबंबाळ झाला, नख सैल होऊन हलू लागले. एकाने ते उपटण्यास हात पुढे केला. दुसऱ्याने जखमेवर भरण्यास तंबाखू काढली. आमच्यासोबत परिचारिका असलेल्या एक सिस्टर होत्या. त्यांनी दोघांसही थांबविले.

"काका, नख ओढायचे नाही. खालच्या नाजूक कातडीचे ते पांघरूण आहे."

त्यांनी स्वच्छ फडके दाबून रक्त थांबविले, साबण व स्वच्छ पाण्याने जखम धुतली, अडकणारी सुटी कड तेवढी निर्जंतुक कात्रीने कापली आणि व्हॅसलिन लावून पट्टी बांधली. ही पट्टी रोज बदलावयाची. नखाखाली रक्त साकळून ठणका असह्य झाल्यास घरी सुई टोचू नये. ते डॉक्टरांचे काम. जखमेत माती गेली असेल आणि ५ वर्षांत धनुर्वाताची लस घेतलेली नसेल, तर तीही घ्यावी.

"काका, मधुमेह आहे का?" सिस्टरांनी विचारले.

काकांनी मान खाली घातली. पायी चालण्याचा नवस पुरा व्हावा म्हणून त्यांनी ते लपविले होते. अशा रोग्याच्या पायास वेदना कमी जाणवतात आणि लहानशी जखमही चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. त्यांस लागलीच मोटारीने साखळीस डॉक्टरांकडे नेण्याचे ठरले, तेव्हा ते रडू लागले.

"माझा नवस मोडला."

"काका, पाय देवानेच दिलेत ना? मग ते जपणे हीदेखील त्याचीच सेवा."

आम्ही नार्व्याची फेरीबोट धरून दिवाडीमार्गे जुन्या गोव्यास पोहोचलो, तो बॉम जेझू बॅसिलिकेच्या अंगणात काका पांढरी पट्टी बांधून आमची वाट पाहत बसले होते. नवे नख पुरते येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. तितका धीर धरण्यास ते आता राजी होते.

पुढील वर्षी निघणाऱ्यांनी नखे सरळ कापावीत, बोटांपुढे थोडी जागा राहील असे बूट घ्यावेत, आणि मुक्कामी रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी एकमेकांचे पाय पाहावेत. प्रभूने तर शिष्यांचे पाय स्वहस्ते धुतले होते.