चपला सांभाळा

कोकणात, दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला पहिला प्रश्न येतो, ‘कधी आलात?’ आणि तो उत्तर देईपर्यंत दुसरा, ‘जाणार कधी?’ घाटावरचा माणूस दुखावतो. मी नगरचा, त्यामुळे मीही आधी चपापलो होतो. आता कळतं की त्यात हाकलण्याचा भाव नसतो. किती दिवस किती पानं वाढायची, केळफुलाची भाजी आज करायची की उद्यावर ढकलायची, एवढाच तो हिशेब. गोड बोलून मनात दिवस मोजण्यापेक्षा हे बरं.

आम्हा ख्रिस्ती मंडळींचा स्वभाव उलटा. आम्ही गोड बोलतो आणि भरपूर बोलतो. उपासनेत पाळकांचा उपदेश, प्रार्थनासभेत ज्याची त्याची साक्ष, पाहुण्याला निरोप देताना उंबऱ्यावर प्रार्थना. त्या प्रार्थनेतही कधी कधी देवाला सांगता सांगता शेजाऱ्याला टोला हाणलेला असतो, ‘प्रभू, अमक्याला सद्बुद्धी दे.’ सगळ्यांचे डोळे मिटलेले असल्यामुळे अमक्याला उत्तरही देता येत नाही. म्हणून उपवासकाळात मटण सोडणाऱ्यांचं मला फारसं कौतुक वाटत नाही. चाळीस दिवस कोपरखळी सोडून पाहावी! नव्या करारात याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय बराचसा जिभेवरच खर्च झाला आहे. एवढंसं सुकाणू केवढं तारू वळवतं, असं तो लिहितो. हर्णैच्या एखाद्या तांडेलाला ते मुद्दाम समजावून सांगावं लागणार नाही.

हर्णै आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे. तिथे दुपार कलली की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू होतो. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांवरची मासळी आणतात, ओल्या वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग पडतात आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं होतं. आकडा पुकारला जातो, चढतो, कुणी नुसती मान हलवतो, आणि ढीग त्याचा होतो. गोंगाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण त्या गोंगाटातला आकडा वाया जात नाही. बोललेली रक्कम मागे घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या कड्यात कोण उभं करील? शपथा घेऊ नका, हो असेल तर हो म्हणा आणि नाही असेल तर नाही, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. वाचेचा संयम म्हणजे हळू आवाज, असं आपण उगीच समजतो. आवाज वाटेल तेवढा चढवावा. शब्द मात्र उद्या परत घ्यावा लागणार नाही असा असावा.

आंजर्ल्यात मी ज्या घरी उतरतो तिथल्या काकूंनी एकदा विचारलं, ‘तुम्ही ख्रिश्चन ना? मग कड्यावरच्या गणपतीला यायला चालतं का तुम्हाला?’

या प्रश्नाला आमच्यात दोन तयार उत्तरं आहेत. एक, मूर्तिपूजेवरचं प्रवचन. दुसरं, ‘देव काय, सगळे सारखेच हो’ म्हणून विषय मिटवणं. पहिल्याने काकूंचा अपमान होतो. दुसऱ्याने माझ्या श्रद्धेचा होतो आणि काकूंच्याही, कारण त्यांना त्यांचा उजव्या सोंडेचा गणपती हवा असतो, सगळ्यांची सरासरी काढलेला देव नको असतो. मी म्हटलं, ‘येतो की. दर्शन तुम्ही घ्या, मी बाहेर पायरीवर बसतो.’

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘बसा तर. चपला सांभाळा.’

सांभाळल्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. त्यामानाने माझ्या वाट्याला हलकंच काम आलं.

कड्यावरून खाली जोग नदीचं मुख दिसतं, पलीकडे हर्णै आणि पाण्यात सुवर्णदुर्ग. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली या किनाऱ्यावर, बाणकोटला आले; पुढे हर्णैलाही त्यांचं ठाणं झालं. १८२९ साली आलेल्या जॉन विल्सनसाहेबांनी मराठीचे धडे घेतले ते याच बाणकोट-हर्णैच्या मुक्कामात. जगाला सांगायला निघालेल्या माणसाला आधी इथल्या माणसांकडून शब्द मागून घ्यावे लागले. नम्रतेची याहून चांगली शाळा कुठली? पण १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकरांशी त्यांचा धर्मावर जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सननी पुढच्याच वर्षी तिच्या खंडनाचं पुस्तक काढलं. विद्वत्ता दोन्हीकडे होती. पण जाहीर वादात माणूस समोरच्याशी बोलत नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीशी बोलतो.

याच दापोली तालुक्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा. कवी, वक्ते, वादाला कुठेही कमी न पडणारे. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवर रंगल्या. मग त्याने नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सरळ सांगितलं. मनातलं त्याने लपवलं नाही, पण वादही घातला नाही. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. मोरभटांच्या वादातली दोन्ही नावं इतिहासात राहिली. या माणसाने आपलं नाव सांगण्याइतकंही स्वतःला मध्ये आणलं नाही.

नम्रतेचं सोंगही आमच्याकडे चांगलं वठतं. ‘मी पामर, मी पापी’ म्हणत अर्धा तास माइक न सोडणारे पामर मी पाहिले आहेत. अशा वेळी मला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. नवरा ख्रिस्ती झाला, संसार दुभंगला, मूल घेऊन वर्षानुवर्षं नातेवाइकांकडे राहावं लागलं, नवऱ्याचा संताप तर जगजाहीर. गाऱ्हाणं मांडायला एवढं कारण कुणाला मिळेल? पण ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या टिळकांचा संताप लपवत नाहीत, आणि त्याचं भांडवलही करत नाहीत. स्वतःच्या सोवळ्याची आणि हट्टाची थट्टा मात्र त्या मोकळ्या मनाने करतात. आपण पामर आहोत, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्या काही कमी बोलत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ हे चांगलं जाडजूड पुस्तक आहे.