सोळा खांब

मुलांनो, आपण घरी ज्याला 'क्रोशिया' म्हणतो, त्याला मराठीत 'क्रोशे' म्हणतात. विणकाम म्हटले की तुम्हांला यंत्रमाग आठवेल. आठवणारच! आमच्या मालेगावात त्यांची खडखड रात्रीही ऐकू येते. मागावर शेकडो धागे एकदम चालतात. क्रोशाला मात्र एक धागा आणि टोकाला छोटा आकडा असलेली एक सुई पुरते.

माझी नानी या कामात फार हुशार. बारीक सुती धाग्याने ती ओढण्यांच्या किनारी विणायची आणि त्या विकायची. आयर्लंड देशात १८४५ साली रोगाने बटाट्याचे पीक गेले व मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तिथल्या कितीतरी बायकांनी अशीच लेस विणून घर चालवले, असे मी पुढे वाचले. नानीने त्या देशाचे नावही ऐकलेले नाही; पण माझ्या बी.एड.च्या फीमधले काही रुपये त्या किनारींचेच होते.

आता तिला नीट दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीत मी ठरवले, नानीला आपल्या हाताने मफलर विणून द्यायचा. लवकर व्हावा म्हणून जाड लोकर आणली, सुमारे २०० ग्रॅम, आणि १० मिलिमीटरची जाड सुई.

कृती सोपी आहे. आधी १८ साखळ्या घाला. मग सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या, सुई तिसऱ्या साखळीत घाला आणि लोकर ओढून घ्या. सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा लोकर घेऊन तिन्ही फासांतून एकदम ओढा. हा झाला अर्धा खांब. असे १६ खांब झाले की ओळ संपली. दोन साखळ्या घाला, काम उलटे फिरवा आणि पहिल्याच खांबापासून दुसरी ओळ सुरू करा.

'पहिल्याच' हा शब्द नीट वाचा. मी तो विसरले होते! प्रत्येक ओळीत मी पहिला खांब सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करत होते. गप्पा मारत विणत होते, मोजत नव्हते. आठ ओळी झाल्या तेव्हा मफलर एका बाजूने निमुळता झाला, पतंगाच्या कोपऱ्यासारखा.

नानीने तो हातात घेतला. काठावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "बेटी, दर ओळीत एक खांब खाल्लास. उसव."

उसवणे म्हणजे विणलेले सोडवणे. मला राग आला. दोन संध्याकाळींची मेहनत होती ती! "पुन्हा लिहून आण," असे मी वर्गात किती सहज म्हणते, हे तेव्हा आठवले. त्या मुलांचे चेहरेही आठवले.

नानीने लोकरीचे टोक धरले आणि हळूहळू ओढू लागली. ओळी सरसर सुटत गेल्या. ती गुंडाळत होती, मी बघत होते. लोकर मात्र जशीच्या तशी राहिली, थोडी कुरळी झाली एवढेच.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी बसू लागलो. मी एक ओळ विणायची, नानीने बोटांनी मोजायची. बारीक धाग्याचे टाके तिला आता कळत नाहीत. जाड लोकरीचे खांब मात्र बोटाला चटकन लागतात. "सोळा," ती म्हणाली की मी पुढची ओळ घ्यायची. मोजता मोजता ती जुन्या किनारींच्या नक्षीबद्दल बोलायची. कोणती कोणी नेली, कोणाचे पैसे राहिले, सगळे तिला पाठ होते!

दीड मीटरचा मफलर फेब्रुवारीत पुरा झाला, तेव्हा थंडी सरत आली होती. तरी नानी तो गळ्यात घालून अंगणात बसली. आजही हाती आला की ती त्याच्या ओळी मोजत बसते. मधे एका ओळीत पंधराच खांब आहेत, असे तिचे म्हणणे. मी उजेडात नेऊन मोजले. खरेच पंधरा आहेत.